वही कोणाची, हिशेब कोणाचा?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू बॅटरीचं काहीतरी करतोस म्हणे. वीस मिनिटं बोल. फक्त झोप येईल असं बोलू नको, जेवणानंतरचं सत्र आहे." जेवणात पाटवडी रस्सा आहे हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. तेव्हा ज्यांना डुलकी येईल त्यांनी खुशाल घ्यावी. मागच्या बाकावर बसून झोपायचा सराव आपल्यापैकी पुष्कळांना आहे, आणि समोर बसलेल्या गुरुजनांना तो ठाऊकही आहे.

मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात तांत्रिक विभाग सांभाळतो. आम्ही तीनचाकी इलेक्ट्रिक गाड्यांसाठी बॅटरी पॅक बनवतो. साधारण आठशे पॅक आज रस्त्यावर आहेत, बहुतेक नागपुरात, थोडे वर्धा आणि भंडाऱ्याकडे. हे पॅक दिवसभर आपली माहिती मोबाईलच्या सिमवरून आमच्याकडे पाठवत असतात. त्या माहितीतून कोणती बॅटरी ठणठणीत आहे, कोणती थकली आहे, कोणती घात करणार आहे, हे ओळखणारं सॉफ्टवेअर लागतं. ते आम्ही स्वतः लिहावं की तयार विकत घ्यावं, यावर आमच्याकडे वर्षभर खल चालला. त्याचीच हकिगत सांगतो. विषय कोरडा आहे, पण तुमच्यातला कोणी दवाखाना चालवतो, कोणाचं इतवारीत दुकान आहे, कोणी शाळेच्या कार्यालयात आहे. असा प्रश्न तुमच्याही टेबलावर कधीतरी येतोच.

इलेक्ट्रिक गाडी नागपूरला नवी नाही. २६ मे २०१७ आठवतो का? ओला आणि महिंद्रा यांनी इलेक्ट्रिक टॅक्सींचा देशातला पहिला मोठा प्रयोग आपल्या शहरात सुरू केला. २०० गाड्या, त्यांपैकी १०० महिंद्राच्या ई-टू-ओ प्लस. ओलाने ५० कोटी रुपयांहून अधिक गुंतवणूक जाहीर केली होती. उद्घाटनाला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी दोघेही होते. आणि मुहूर्त कोणता, तर मे महिना! नागपूरकराने हसावं की कौतुक करावं? मी कौतुक करतो. बॅटरीची परीक्षाच घ्यायची तर मे महिन्यातच घ्यावी.

पुढे काय झालं तेही लपलेलं नाही. २०१८ च्या सुरुवातीला रॉयटर्सने बातमी दिली की चार्जिंगसाठी रांगा लागतात, खर्च परवडत नाही, आणि काही चालकांना परत डिझेल गाडी हवी आहे. दुसऱ्या बाजूला, २०१९ मध्ये ओलाने 'बियाँड नागपूर' नावाचा अहवाल काढला. त्यात या गाड्या ७५ लाख किलोमीटर धावल्याची नोंद आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या मानायला माझी हरकत नाही. मी त्यातून एवढंच घेतलं की चालकाला व्होल्ट आणि अँपिअरशी काही देणंघेणं नसतं. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: गाडी किती जाईल, किती वेळ उभी राहील, आणि बॅटरी गेली तर पैसे कोण भरणार. आम्ही सॉफ्टवेअर शोधायला निघालो ते या तिसऱ्या प्रश्नापायी.

आता पॅकच्या पोटात काय असतं ते थोडक्यात सांगतो. आमच्या पॅकमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटचे १६ सेल एकसर जोडणीत असतात. एकसर आणि समांतर, नववी-दहावीत आकृत्या काढून काढून आपले हात दुखले होते, तीच ही एकसर जोडणी. प्रत्येक सेल ३.२ व्होल्टचा, म्हणजे पॅक ५१.२ व्होल्टचा. क्षमता १०० अँपिअर-तास. घरच्या मीटरच्या भाषेत सांगायचं तर साधारण पाच युनिट वीज. त्यावर एक छोटं सर्किट बसवलेलं असतं, त्याला आम्ही बीएमएस म्हणतो. ते दर दहा सेकंदांनी प्रत्येक सेलचा व्होल्टेज, एकूण प्रवाह, चार ठिकाणचं तापमान असे पंचवीसेक आकडे पाठवतं. दिवसाच्या ८,६४० ओळी, म्हणजे एका पॅकचे २ लाख १६ हजार आकडे. आठशे पॅकचे रोजचे १७ कोटी २८ लाख. आमच्या मालकांनी हा आकडा ऐकला तेव्हा ते म्हणाले, "एवढे आकडे मोजायला एवढे पैसे? आपण बॅटरी विकतो की रद्दी?" प्रश्न चुकीचा नव्हता.

शाळेच्या प्रयोगवहीत आपल्याला दोन वेगळे रकाने आखायला लावायचे: निरीक्षण आणि अनुमान. आपले विज्ञानाचे सर निरीक्षणाच्या रकान्यात अनुमान घुसवलं की लाल पेनाने पूर्ण पान खोडायचे. संत्र्यात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खुपसून व्होल्ट मोजायचा प्रयोग आठवत असेल. काही जणांनी प्रयोगाआधीच उत्तर लिहून ठेवलं होतं, आणि त्या संत्र्याचं पुढे काय झालं ते इथे सांगत नाही. तर बॅटरीच्या या सगळ्या व्यवहारात माझ्या मते तेवढे दोनच रकाने आहेत. सेलने पाठवलेले आकडे हे निरीक्षण. 'या बॅटरीत ८३ टक्के आयुष्य उरलं आहे' हे अनुमान. सॉफ्टवेअर विकणारे तुम्हाला अनुमान विकतात. आणि ते विकताना बहुधा निरीक्षणाची वहीही आपल्याच कपाटात ठेवतात.

पण निरीक्षणावर तरी डोळे मिटून विश्वास ठेवावा का? ३० मे २०२४ घ्या. नागपूरचं तापमान ५६ अंश! देशभरच्या वाहिन्यांवर आपण झळकलो. मला पुण्या-मुंबईहून फोन आले, "अरे, जिवंत आहात ना?" शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ आणि दुसऱ्याने ५४ अंश दाखवले, तर त्याच दिवशी इतर केंद्रांवर पारा ४४ च्या आसपास होता. मग हवामान खात्याने खुलासा केला की ती यंत्रं सदोष होती. आता विचार करा, कुठल्या कारखान्यातलं सॉफ्टवेअर तो ५६ चा आकडा जसाच्या तसा गिळून बसलं असतं, तर त्यावरून काय काय अनुमानं निघाली असती.

आमच्याकडेही हे रोज घडतं. लिथियम आयर्न फॉस्फेट सेलची एक खोड आहे. तो भरलेला असो की अर्धा, त्याचा व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळपास सारखाच राहतो. पाण्याच्या टाकीला बाहेरून काच असते तशी सोय इथे नाही. त्यामुळे आत किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा जमाखर्च मांडत राहावं लागतं. प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरमध्ये फक्त ०.२ अँपिअरची चूक असली, तरी चोवीस तासांत ४.८ अँपिअर-तासांचा घोळ होतो, म्हणजे जवळपास पाच टक्के. बॅटरी अधूनमधून पूर्ण भरली तर हिशेब पुन्हा जुळवून घेता येतो. पण आमचे चालक दुपारी अर्धा तास, रात्री दोन तास असं तुकड्यातुकड्याने चार्ज करतात. त्यांचा धंदाच तसा आहे. मग पडद्यावरचे टक्के खोटं बोलू लागतात. ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक स्कूटर आहे त्यांतले काहीजण मान डोलावताहेत, दिसतंय मला इथून.

बाजारात तयार माल आहे का? आहे, आणि चांगला आहे. म्युनिकची ट्वाइस, आखेनची अक्युअर, कॅलिफोर्नियाची व्होल्टेइक, आपल्या मुंबईची आयन एनर्जी, अशा कंपन्या याच कामात उतरल्या. आम्ही ज्यांच्याबरोबर चाचणी केली ते यांच्यापैकी कोणी नव्हेत, हे आधीच सांगतो. नाहीतर उद्या मला कोणाचा तरी फोन यायचा. आणि फुकटही बरंच काही मिळतं. २०१९ मध्ये स्टॅनफर्ड, एमआयटी आणि टोयोटाच्या संशोधन संस्थेतल्या लोकांनी १२४ सेल मरेपर्यंत वापरून पाहिले. एखादा १५० फेऱ्यांतच गेला, एखादा २,३०० पर्यंत टिकला. पहिल्या १०० फेऱ्यांच्या नोंदींवरूनच सेल किती टिकेल हे त्यांनी साधारण ९ टक्के चुकीने सांगून दाखवलं, आणि सगळी आकडेवारी जगासाठी मोकळी केली. ते सेल आमच्याच रसायनाचे, लिथियम आयर्न फॉस्फेटचे. पण ते ३० अंशांच्या कपाटात ठेवलेले होते. त्या १२४ सेलना नागपूरचा मे कधी भेटला नाही. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. तापलेल्या डांबरावर उभ्या असलेल्या गाडीच्या सीटखाली बॅटरी कशी झिजते, ते कपाटातल्या सेलला विचारून कळत नाही.

तर आमच्यापुढे दोन गट पडले. मालकांचं म्हणणं, विकत घ्या. आपण सेल तरी कुठे बनवतो, तेही विकतच आणतो ना? माझ्या विभागातली तरुण मंडळी म्हणायची, आपणच लिहू. एक पोरगा व्हीएनआयटीचा, एक मुलगी शहरातल्याच दुसऱ्या कॉलेजची. दोघंही हुशार, आणि त्या वयात सगळं चार महिन्यांत होतं असं वाटतं. मी दोघांनाही म्हटलं, भांडू नका, परीक्षा घेऊ.

वापरात असलेले बारा पॅक आम्ही परत मागवले आणि त्या चालकांना तेवढ्या दिवसांसाठी दुसरे दिले. विकणाऱ्या कंपनीला आणि आमच्या पोरांना त्या बारांचे मागच्या आठ महिन्यांचे आकडे दिले आणि सांगितलं, प्रत्येकाची उरलेली क्षमता बंद पाकिटात लिहून द्या. मग आम्ही प्रत्येक पॅक टेबलावर घेतला, पूर्ण भरला, तासभर गार होऊ दिला आणि २५ अँपिअरच्या ठरावीक प्रवाहाने पूर्ण उतरवला. नवा पॅक याला चार तास पुरतो. जो आधी संपेल त्याचं आयुष्य तेवढं कमी. यात काही गहन विद्या नाही, घड्याळ आणि धीर लागतो. तीन आठवडे गेले.

या बारांमध्ये एक पॅक कळमन्याच्या बाजारात भाजीची ने-आण करणाऱ्या एका भाऊंचा होता. आपल्याच वयाचे असतील. ते तीनदा येऊन गेले होते. दुपारी दोननंतर गाडी उभी राहते म्हणत. आमची हमी अशी की तीन वर्षांच्या आत क्षमता ८० टक्क्यांखाली गेली तर पॅक बदलून देऊ. विकत घ्यायच्या सॉफ्टवेअरचा आकडा होता ८३. म्हणजे हमी लागू नाही, रामराम. भाऊ मला म्हणाले, "साहेब, तुमचा कंप्युटर म्हणते ८३, गाडी म्हणते मी नाही येत. आता मी कोनाचं आयकू?"

टेबलावर तो पॅक दोन तास पन्नास मिनिटांत थांबला. ७१ अँपिअर-तास. कारण सापडायला वेळ लागला नाही. अकरावा सेल. बाकीचे पंधरा मजेत होते, हा एकटाच आधी तळाला जायचा, आणि एकसर जोडणीत एक सेल तळाला गेला की बीएमएस अख्खा पॅक बंद करतं. करायलाच हवं. सॉफ्टवेअर सगळ्या पॅकची सरासरी बघत होतं, आणि सरासरीत पंधरा जणांनी सोळाव्याला झाकून घेतलं होतं. वर्गाचा निकाल ८३ टक्के लागला म्हणून नापास झालेल्याच्या घरी काय सांगणार?

आम्ही कंपनीला विचारलं, हा आकडा तुम्ही काढता कसा? उत्तर आलं, ती आमची बौद्धिक संपदा आहे. त्यांच्या जागी ते बरोबर असतील. पण भाऊंना मी ते उत्तर कसं देणार? ज्या आकड्यावर एखाद्याची दिवसाची कमाई आणि हमीचे पैसे ठरतात, तो कसा आला हे समोरच्याला कागदावर मांडून दाखवता आलं पाहिजे. माझं हे मत तेव्हा पक्कं झालं आणि आजही तसंच आहे.

म्हणजे आमची पोरं जिंकली का? अकराव्या सेलवर त्यांनी बरोबर बोट ठेवलं होतं. त्यांच्या पाकिटात ७३ लिहिलं होतं. त्यांची रीत साधी, प्रत्येक सेल वेगळा बघायचा आणि सर्वांत कमजोर असेल तोच खरा धरायचा. मोफत मिळणारी साधनं वापरून चार महिन्यांत त्यांनी ती उभी केली होती. पण त्याच बारांपैकी दोन पॅकबद्दल विकणाऱ्या कंपनीने आम्हाला जे सांगितलं ते आमच्या पोरांना दिसलं नव्हतं. गाडी रात्री नुसती उभी असतानाही त्यांतला एकेक सेल हळूहळू उतरत होता. हे आतल्या आत गळती होत असल्याचं लक्षण असू शकतं, आणि ते हलक्याने घ्यायचं नसतं. हजारो पॅक बघितलेल्या डोळ्यांना जे दिसतं, ते आठशे बघितलेल्यांना दिसायला वेळ लागतो.

शिवाय आमची यंत्रणा दर पंधरा दिवसांनी कोलमडायची. एखादी गाडी रेंज नसलेल्या भागात जाऊन आली की अडकलेले आकडे एकदम येऊन आदळायचे, वेळांचा घोळ व्हायचा, सर्व्हर झोपायचा. तो उठवायला रविवारी रात्री कोण? व्हीएनआयटीचा पोरगा. आणि वर्षाच्या आत त्याला बंगळुरूची नोकरी लागली. मी त्याला मिठाई खाऊ घातली. नागपूरच्या पोराने बंगळुरूला जाऊ नये असं म्हणायला मी कोण, आपल्याच वर्गातले निम्मे लोक इथे विमानाने आलेत. पण त्या दिवशी मालकांनी मला विचारलं, "तो गेला, आता त्याने लिहिलेलं कोणाला वाचता येतं?" एकीलाच येत होतं.

पैशांचं गणितही करून दाखवतो, शेवटी आपण गणिताच्या बाईंच्या हाताखालून गेलो आहोत. समजा विकणारा दर पॅकमागे महिन्याला ८० रुपये मागतो. ८०० पॅकचे महिन्याला ६४ हजार, वर्षाला ७ लाख ६८ हजार. एवढ्यात एक बरा अनुभवी इंजिनिअरही वर्षभर मिळणं कठीण, आणि स्वतः सगळं चालवायला एका माणसाने भागत नाही. म्हणजे आज विकतचं स्वस्त. पण पॅक ८,००० झाले की तेच बिल ७६ लाख ८० हजार होतं, आणि तेव्हा घरचे चार जण स्वस्त पडतील. मात्र तोपर्यंत तुमची सगळी जुनी वही त्याच्या कपाटात गेलेली असते. मग तो दर वाढवेल, आणि तुम्ही भराल. म्हणून आजचा दर बघून निर्णय घेऊ नये असं मी मालकांना सांगितलं. बाहेर पडायला किती लागेल ते आधी विचारा, आत यायला कोणीही पायघड्या घालतो.

मालकांना हे पटवायला मला शेवटी स्वयंपाकघरात जावं लागलं. उन्हाळ्यात आपल्याकडे वर्षाचं तिखट आणि मसाला होतो. भिवापुरी मिरची आणायची, वाळवायची, देठं खुडायची, आणि कांडपावर न्यायची. कांडपाचं यंत्र कोणी घरात बसवत नाही. पण कांडपवाल्याला कोणी असंही सांगत नाही की दगडफूल किती, खसखस किती, तुझ्या मनाने टाक. प्रमाण घरचं असतं. आणि कांडून झालं की डबा आपण घरी आणतो, त्याच्या दुकानात ठेवत नाही. मालक सावजीचे शौकीन. त्यांना हे दोन मिनिटांत समजलं. माझ्या आलेखांनी तीन महिने समजलं नव्हतं.

तेव्हा असं ठरलं. आकडे गोळा करणं, साठवणं, पडद्यावर दाखवणं, रात्री-अपरात्री सर्व्हर जागा ठेवणं आणि रात्रीची ती गळती हेरणं, हे विकत. हमीचा आकडा काढणं, म्हणजे कमजोर सेलची ती रीत, घरची, आणि ती चार पानांत मराठीतही लिहून ठेवलेली, म्हणजे कोणी नोकरी सोडली तरी दुसऱ्याला वाचता यावी. ८० च्या अलीकडे-पलीकडे वाद झाला तर पॅक टेबलावर यायचा, चालकाने हवं तर समोर उभं राहून घड्याळ बघायचं, आणि टेबल म्हणेल ते अखेरचं. कळमन्याच्या भाऊंना हमीत नवा पॅक मिळाला. जुन्यातले पंधरा चांगले सेल आता आमच्या कारखान्याच्या फाटकावरचे दिवे लावतात.

एक गोष्ट आम्ही या वादात येऊच दिली नाही, ती म्हणजे आगीपासूनची सुरक्षा. २०२२ च्या एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरमधल्या २० इलेक्ट्रिक स्कूटर जळाल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. त्या वर्षी अशा घटना वाढल्या, आणि केंद्राने एआयएस-१५६ या मानकात कडक दुरुस्त्या केल्या. त्या १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. तापलेला पॅक तोडायचा निर्णय पॅकमधल्याच सर्किटने त्याच क्षणी घ्यायचा असतो. सिमला रेंज आहे का, दूरचा सर्व्हर जागा आहे का, याची वाट बघत बसायची नसते. कोणी विक्रेता तुम्हाला 'आमचं सॉफ्टवेअर आग थांबवतं' असं म्हणाला तर त्याला चहा पाजून निरोप द्या. ते आधी सावध करू शकतं, आणि तेही पुष्कळ आहे.

करारावर तीन महिने घासाघीस झाली. किमतीवर नाही, वहीवर. सेलने पाठवलेले मूळ आकडे आमचे, ते कुठल्याही दिवशी, कुठल्याही साध्या पद्धतीने पूर्ण उतरवून घेता आले पाहिजेत, आणि करार संपला तर त्यांच्याकडची प्रत पुसली गेली पाहिजे, एवढंच आम्ही मागत होतो. त्यांचे वकील बंगळुरूहून बोलायचे, आमचे वकील म्हणजे आपल्याच वर्गातला एकजण, तो तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि त्याने अजून बिल दिलेलं नाही. त्यानेच एक मुद्दा काढला जो माझ्या डोक्यात आला नव्हता. पॅक आपली जागाही कळवतो. म्हणजे चालक रात्री कुठे राहतो, रविवारी कुठे जातो, हे सगळं त्या वहीत आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला आहे. तेव्हा जागेचे आकडे आम्ही बाहेर देतच नाही. तापमान आणि व्होल्टेज पुरतात.

आणखी एक कारण होतं वही हातात ठेवण्याचं. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून वाहनांच्या बॅटऱ्यांना डिजिटल पासपोर्ट सक्तीचा होणार आहे, त्यात बॅटरीची कुंडलीच असेल. आमचे पॅक काही युरोपात जात नाहीत, भंडाऱ्यापर्यंत जातात. पण जुनी बॅटरी सौरदिव्याला किंवा दुकानाच्या इन्व्हर्टरला विकायची झाली तर घेणारा पहिला प्रश्न हाच विचारतो, हिने आजवर काय काय सोसलं? ज्याच्याकडे उत्तर आहे त्याला भाव मिळतो.

आता दीड वर्ष होत आलं. ही व्यवस्था कुरकुरत का होईना चालते आहे. त्या मुलीच्या हाताखाली दोन जण आले आहेत आणि तिने दोन उन्हाळ्यांचे आकडे घेऊन ४२ अंशांपुढे सेल किती वेगाने झिजतो याचा स्वतःचा तक्ता केला आहे. मागच्या आठवड्यात कंपनीचा निरोप आला. कराराच्या नूतनीकरणाआधी त्यांना आमच्या टेबलावरच्या चाचण्यांचे आकडे आणि तो उन्हाळ्याचा तक्ता हवा आहे, त्यांचं सॉफ्टवेअर सुधारायला. मालक म्हणतात, विकू. मी म्हणतो, दर कमी करून घेऊ आणि त्या बदल्यात देऊ. ती मुलगी म्हणते, त्या १२४ सेलवाल्यांनी जगाला फुकट दिलं म्हणून आपलं काम सुरू झालं, आपणही चालकांची नावं काढून सगळं मोकळं करून टाकू. सोमवारी बैठक आहे. तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर बाहेर चहाच्या टेबलाशी मला गाठा.